पुढचे सोंग कोणते?

मुलीसाठी स्थळ, घरासाठी फरशी आणि संगणकावर खेळायला पुढचा खेळ या तीन गोष्टी ठरवताना घाई करून चालत नाही. पैकी पहिल्या दोहोंत आमच्या घरी सौभाग्यवतींचा शब्द अखेरचा ठरला. तिसऱ्या बाबतीत तो मान अजून माझ्याकडे आहे, म्हणून तर एवढा विचार.

खेळ म्हणताच तुमच्या डोळ्यांसमोर मोबाइलवर बोटे आपटणारा एखादा नातू आला असेल, तर त्याला कृपा करून बाहेर पाठवा. मी म्हणतो ते खेळ त्याच्या बापाच्या वयाचे आहेत. इंग्रजीत त्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. मी त्यांना सोंगाचे खेळ म्हणतो. कोकणात दशावतारी मंडळी रात्री तोंडाला रंग लावून राजे होतात आणि सकाळी पेटारा उचलून पुढच्या गावाला चालू लागतात, तसलाच हा प्रकार. तुम्ही योद्धा व्हायचे, मांत्रिक व्हायचे, वाटल्यास चोरही व्हायचे, आणि भुयारात शिरून राक्षसांशी दोन हात करायचे. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही आपली म्हण या खेळांच्या कर्त्यांना कोणी सांगितली कोण जाणे. पण बहुतेक खेळांत सुरुवातीला हातात चार नाणी, अंगावर जाडाभरडा अंगरखा आणि कमरेला बोथट सुरी एवढेच देतात. जगाचा उद्धार नंतर. आधी कुणाच्या तरी तळघरातले उंदीर मारा.

आता घाई का नको ते सांगतो. माझे वय ६७. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले आणि डॉक्टरांनी पडद्यापुढे बसायला रोज एक तासाची मुभा दिली. सौ.ना ती चाळीस मिनिटे अशी ऐकू आली. यातला मातबर खेळ पुरा व्हायला ऐंशी-नव्वद तास सहज लागतात. म्हणजे एका खेळाला तीन महिने, वर्षाला चार खेळ. कपाटात आणि संगणकात मिळून न खेळलेले खेळ आहेत ४१. बँकेत जन्मभर चक्रवाढ व्याज काढलेल्या माणसाला या हिशेबाला कागद लागत नाही. दहा वर्षे आणि एक तिमाही. सौ.च्या चाळीस मिनिटांनी मोजले तर पंधरा वर्षे साडेचार महिने. तेवढे आयुष्य मिळेलच याची हमी तिनेही दिलेली नाही, डॉक्टरांनीही नाही. तेव्हा ४१ मधले कोणते राहून गेले तरी चालतील, हा खरा प्रश्न आहे.

भाच्याचे म्हणणे, "मामा, चांगले पाच-सहा खेळा आणि बाकीचे सोडून द्या." शेजारी इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी जन्मात संगणकाला हात लावलेला नाही, त्यामुळे त्यांचे मत ठाम आहे. "सनावळीप्रमाणे घ्या. पानिपत आधी आणि शिवराज्याभिषेक नंतर असं कधी शिकवतात का?" मला दोघांचेही पटते, आणि म्हणूनच गाडे अडले आहे.

सनावळ लावायची तर आरंभ १९७४ चा. त्या वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ विक्रीला आला. त्याला ना पट ना सोंगट्या. कागद, पेन्सिल आणि चित्रविचित्र फासे. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचे, एकाने कथा सांगायची आणि बाकीच्यांनी आपापली सोंगे घेऊन त्या कथेत घुसायचे. तलवार लागली की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. (शकुनिमामाला चारच बाजूंच्या फाशांवर एवढे जमले, वीस मिळाल्या असत्या तर महाभारताचे आणखी काही पर्व वाढले असते.) खेळ उत्तम, अडचण एकच. कथा सांगणारा माणूस रोज संध्याकाळी रिकामा सापडायला हवा. असा माणूस यंत्रच असू शकतो, हे विद्यार्थ्यांच्या लगेच ध्यानात आले.

इलिनॉय विद्यापीठात तेव्हा प्लेटो नावाची संगणकव्यवस्था होती. हेतू शैक्षणिक. नारिंगी अक्षरांच्या पडद्यावर मुलांनी धडे गिरवावेत अशी योजना. १९७५ मध्ये रस्टी रदरफर्ड याने तिथे भुयाराचा एक खेळ लिहिला आणि त्याला नाव दिले 'पेडिट५'. इतके रूक्ष नाव का, तर त्याच्या कामाच्या गटाला मिळालेल्या जागेतली ती एक रिकामी फाइल होती, आणि त्या नावाखाली खेळ दडला असेल असा संशय कुणाला येऊ नये. साहेब समोर असताना लेजरच्या आत रहस्यकथा ठेवून वाचण्याची विद्या आमच्या बँकेतही काही जणांना अवगत होती, तेव्हा या गृहस्थाबद्दल मला घरचा माणूस भेटल्यासारखे वाटते. व्यवस्थापकांनी ती फाइल पुन्हा पुन्हा पुसली. तरी आज हाती असलेल्या सोंगाच्या खेळांत सर्वांत जुना म्हणून तोच दाखवतात. पुसणाऱ्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत.

त्यानंतर १९८० चा 'रोग'. मायकेल टॉय, ग्लेन विचमन आणि केन अर्नोल्ड या कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी तो केला. यात चित्र नावाला नाही. राक्षस म्हणजे इंग्रजी मोठी अक्षरे, वटवाघूळ 'बी', ड्रॅगन 'डी', आणि आपण स्वतः कोण, तर 'ॲट द रेट'चे चिन्ह. ज्या चिन्हापुढे मी जन्मभर व्याजाचे दर लिहिले तेच चिन्ह होऊन मी भुयारात हिंडावे, यात काहीतरी न्याय आहे. भुयार दर वेळी नवे निघते. भूक लागते. आणि मेलात की मेलात, मागचे ठेवलेले पानही पुसले जाते, थडगे तेवढे दिसते. हा खेळ मी यादीत शेवटी टाकला आहे. रोज सकाळी वर्तमानपत्रातले तसले पान वाचतोच.

'विझर्ड्री' मात्र सहज बाजूला सारता येत नाही. १९८१. कॉर्नेल विद्यापीठातले अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड हे दोघे त्याचे कर्ते. सहा जणांची टोळी घेऊन दहा मजली भुयारात उतरायचे, प्रत्येक मजला वीस घरे लांब आणि वीस घरे रुंद. वर बसलेला राजा ट्रेबोर वेडा, खाली लपलेला मांत्रिक वेर्डना दुष्ट. आता ही नावे इंग्रजीत उलटी वाचा. ट्रेबोर म्हणजे रॉबर्ट आणि वेर्डना म्हणजे अँड्र्यू! जगातले दोन मोठे उपद्व्यापी म्हणून दोन मित्रांनी स्वतःचीच नेमणूक करून घेतली. आपल्याकडे दोन मित्रांनी मिळून काही काढले तर नाव कुणाचे आधी यावरून तिसऱ्या दिवशी बोलणे बंद होते.

या खेळात नकाशा नाही. तो तुम्ही ग्राफ पेपरवर काढायचा. पावलागणिक एक चौकोन. मध्येच एखादी फरशी तुम्हाला गुपचूप गरकन फिरवते, एखादी भलत्याच ठिकाणी नेऊन टाकते, कुठे मिट्ट काळोख, आणि तासाभराने कळते की आपण उत्तरेच्या नावाखाली पूर्व काढत होतो. टोळी भुयारात गारद झाली तर प्रेते तिथेच राहतात. दुसरी टोळी उभी करायची, तयार करायची आणि पहिलीला आणायला पाठवायचे. आणलेला गडी देवळात न्यायचा. तिथले पुजारी पैसे आधी घेतात. प्रयत्न फसला तर गड्याची राख होते. राखेवर पुन्हा प्रयत्न, पुन्हा पैसे. तोही फसला तर नाव यादीतून कायमचे जाते आणि पावती मिळत नाही. १९८१ मध्ये विशीतल्या पोरांना हे सगळे सुचले कसे, याचे मला राहून राहून नवल वाटते. हा खेळ जपानला इतका आवडला की तिथल्या युजी होरी यांनी याच्यापासून आणि 'अल्टिमा'पासून धडे घेऊन १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' काढला आणि त्या देशात अशा खेळांचे पीक आले. २०२४ मध्ये 'विझर्ड्री'ची रंगीत, नकाशासहित नवी आवृत्तीही निघाली. भाच्याने तीच सुचवली. मी म्हटले, "अरे, नकाशा आयता मिळणार असेल तर भुयारात उतरायचं कशाला? नकाशाच बघू की." ग्राफ पेपरचे अर्धे रीम मागच्या दिवाळीतच आणून ठेवले आहे.

इथे प्राध्यापकांच्या सनावळीत तथ्य आहे हे कबूल करायला हवे. आयता नकाशा देणारा खेळ आधी खेळला की ग्राफ पेपरवाला गोड लागत नाही. गॅसवर हात बसल्यावर चूल पेटवायला कोण बसतो? जुने खेळ नव्यांच्या आधी घ्यावेत, नाहीतर घेऊ नयेत. पण मग सत्तरी-ऐंशीतल्या चुली फुंकता फुंकताच माझी दहा वर्षे जायची आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ते खेळ राहायचे, ही भाच्याची बाजूही खोटी नाही.

१९८८ मधली एक जोडी आहे, 'पूल ऑफ रेडियन्स' आणि 'वेस्टलँड'. तेव्हाच्या फ्लॉपीत मजकूर मावत नसे, म्हणून कथेचे उतारे क्रमांक घालून वेगळ्या पुस्तिकेत छापत आणि खेळ मधूनच सांगे, अमुक उतारा वाचा. यात दुहेरी लाभ होता. पुस्तिका नसलेल्या चोरट्या प्रतीवाल्याची पंचाईत होई. आणि पुस्तिका घेऊन आधीच सगळे उतारे वाचून काढणाऱ्या आगाऊ वाचकासाठी त्यात खोटे उतारेही घातलेले असत. 'वेस्टलँड'च्या पुस्तिकेत तर मंगळाची एक अख्खी कथा आहे, आणि खेळात मंगळाचा संबंधच नाही! दुसऱ्याची पत्रे उघडून वाचणाऱ्या आमच्या एका आतेबहिणीला अशी पुस्तिका वेळेवर मिळायला हवी होती.

१९९७ चा 'फॉलआउट' हा भाच्याचा लाडका. अणुयुद्ध होऊन गेलेले, कॅलिफोर्नियात वाळवंट, माणसे तळघरात कोंडलेली, आणि तळघर क्रमांक तेराची पाणी शुद्ध करणारी चकती बिघडलेली. नवी चकती दीडशे दिवसांत शोधून आणा, नाहीतर सगळे तहानेने मरतील. हबमधल्या पाणीविक्या व्यापाऱ्यांना पैसे मोजले की ते तळघराला पाणी पाठवतात आणि आणखी शंभर दिवस मिळतात. म्हणजे टँकरच. ज्याने मे महिन्यात सोसायटीची चिटणिसी केली आहे त्याने हा खेळ करमणूक म्हणून कसा खेळावा? एक गोष्ट मात्र मान्य. शेवटच्या खलनायकाला न लढता, केवळ मुद्दे मांडून, पुरावा समोर ठेवून, त्याची योजनाच मुळात फसणारी आहे असे पटवता येते. सोसायटीच्या सभेत मला हे कधी जमलेले नाही.

त्याच्या पुढच्या वर्षीचा 'बाल्डर्स गेट'. कॅनडातल्या एडमंटनमधल्या ज्या कंपनीने हा काढला तिच्या संस्थापकांत तिघे डॉक्टर होते. पुढे त्यातला एक पुन्हा वैद्यकीकडे परतला, बाकीचे दोघे खेळातच राहिले. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांशी झालेली बोलणी ऐकायला मिळाली असती तर मी तिकीट काढून गेलो असतो. पाच सीडींचा हा खेळ आमच्या शाखेतल्या एका मित्राच्या मुलाने १९९९ मध्ये अमेरिकेहून आणला होता. शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक सुटली की मी त्याच्याकडे जायचो. मी योद्धा चालवायचा, त्याने मांत्रिक. कीबोर्ड एकच, त्यामुळे लढाईपेक्षा आमचे भांडण जास्त. या खेळात स्पेसबार दाबला की सगळे जग थांबते. राक्षस हात उगारून उभा, बाण हवेत, आणि आम्ही दोघे चिवड्याची बशी मध्ये ठेवून आता काय करायचे यावर अर्धा तास वाद घालायचो. दोन अडीच वर्षे असे चालले. मग २००२ च्या पावसाळ्यात तो गेला. त्याच्या मुलाने सीडी आणि आमचा जतन केलेला खेळ दोन्ही मला देऊन टाकले. तो जतन केलेला खेळ आज चौथ्या संगणकावर आहे. त्यात एका पुलावर सहा जण उभे आहेत आणि जग थांबलेले आहे. भाच्याने एकदा "मामा, हा इथून पुढे खेळू या का?" म्हणून विचारले. मी म्हटले, "तो यादीत नाही." तो शहाणा मुलगा आहे, पुन्हा विचारले नाही. त्याचा तिसरा भाग २०२३ मध्ये बेल्जियमच्या लोकांनी काढला आणि फार छान झाला आहे असे ऐकतो.

राहता राहिला १९९९ चा 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'. जाणकार मंडळी याला या सगळ्या प्रकाराचा कळस मानतात. नायक शवागारातल्या फळीवर जागा होतो. त्याला स्वतःचे नाव आठवत नाही, काल काय झाले आठवत नाही, आणि त्याला मरणही येत नाही. मेला की पुन्हा कुठेतरी उठतो. कामाच्या सूचना त्याच्याच पाठीवर गोंदलेल्या, त्या वाचून दाखवायला एक उडती, चहाटळ कवटी. (मी सूचना कॅलेंडरवर लिहितो, वाचून दाखवायला घरात माणूस आहे.) लढाई कमी आणि वाचन इतके की कादंबऱ्यांचा गठ्ठा परवडला. त्यात एक म्हातारी चेटकीण नायकाला विचारते की माणसाचा स्वभाव कशाने पालटतो, आणि सगळा खेळ त्या प्रश्नाभोवती फिरतो. लोक उत्तर शोधत पन्नास पन्नास तास घालवतात. आपल्याकडे आजी चुलीपुढून न उठता सांगायची, स्वभावाला औषध नाही. तरीही हा खेळ मी राखून ठेवला आहे. पंच्याहत्तरीला स्वतःचे नाव विसरलेल्या माणसाची गोष्ट जास्त कळेल असे वाटते. फार उशीर करूनही चालणार नाही, नाहीतर तीच गोष्ट रोज नव्याने खेळावी लागायची.

आणि मग 'अल्टिमा'. टेक्सासमधल्या रिचर्ड गॅरियट या पोराचा. वडील ओवेन गॅरियट अंतराळवीर, १९७३ मध्ये स्कायलॅबवर राहून आलेले. मुलगा शाळेत असताना टेलिटाइपवर भुयाराचे खेळ लिहायचा, एक दोन नव्हे, अठ्ठावीस. त्यातल्या अखेरच्याला 'अकालाबेथ' नाव देऊन त्याने तो प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला, वरचे चित्र आईने काढले, आणि तो ज्या संगणकाच्या दुकानात नोकरी करत होता तिथेच विकायला टांगला. मग एकामागून एक 'अल्टिमा' निघाले. तीन भाग झाल्यावर लोकांची पत्रे येऊ लागली. त्यांतून त्याच्या लक्षात आले की खेळणारे दुकाने लुटतात, गावातल्या निरपराध माणसांना मारतात आणि वर जगाचे तारणहार म्हणून मिरवतात. तेव्हा १९८५ च्या चौथ्या भागात त्याने खलनायकच काढून टाकला. मारायला कोणी नाही. तुम्ही चांगले माणूस व्हायचे, एवढेच काम.

त्याने सत्य, प्रेम आणि धैर्य ही तीन तत्त्वे घेतली आणि त्यांतून आठ सद्गुण काढले. एकेकटी तीन, जोड्या तीन, तिन्ही मिळून एक. हे झाले सात. आठवा विनम्रता, जिच्यात या तिन्हींतले काहीच नाही. हा हिशेब मला अतिशय आवडला. आठही अंगी बाणले की तुम्ही 'अवतार' होता, आणि हा शब्द त्याने आपल्याच पुराणांतून उचलला. आज ज्याला त्याला संगणकावरच्या आपल्या चिमुकल्या चित्राला अवतार म्हणायची सवय लागली, तिच्यात या खेळाचा वाटा आहे. खेळात भिकाऱ्याला नाणे दिले की दया वाढते, रक्तदान केले की त्याग, रणातून पळालात की शौर्य घटते. जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे. किती पैसे ठेवायचे ते तुम्हीच मोजायचे. आमचा भाचा सनदी लेखापाल आहे. त्याने सत्तर नाण्यांच्या मालाला एक नाणे ठेवले. बाई काही बोलली नाही. खेळानेही चकार शब्द काढला नाही, फक्त नोंद केली. नंतर राजवाड्यातल्या ज्ञानी पुरुषाकडे प्रामाणिकपणाची चौकशी करायला गेला तेव्हा त्याला जे ऐकावे लागले ते माझ्या बहिणीनेही त्याला कधी ऐकवले नसेल.

शिवाय हा खेळ गेली काही वर्षे अधिकृतपणे फुकट दिला जातो. तत्त्वचिंतन एका पारड्यात आणि फुकट दुसऱ्यात टाकल्यावर आमच्यासारख्यांचा काटा कुठे झुकणार हे सांगायला नको. परवा रविवारी चहाच्या आधी मी तो लावला. सुरुवातीलाच एक भटकी जोशीण पत्ते मांडून सात प्रश्न विचारते. आठ सद्गुणांची बाद फेरी. दोन दोन गुण समोरासमोर, एक हरतो, अखेरीस एक उरतो आणि त्यावरून तुमचे सोंग ठरते. अक्षरे बारीक होती म्हणून सौ.ना वाचायला बोलावले.

"तुझ्यावर विश्वासाने न मोजलेली सोन्याची थैली सोपवली आहे, वाटेत भिकारी भेटला," त्यांनी वाचले. "थैली तशीच पोचवशील, की त्यातलं एक नाणं त्याला देशील?" आणि चष्मा वर केला. "आपल्या पाकिटातलं द्यावं. दुसऱ्याच्या थैलीला हात कशाला?"

"अगं, तसा पर्याय नाही. पहिला किंवा दुसरा."

"मग प्रश्न चुकीचा आहे. पोचवा थैली. पुढचा वाचते."

साती प्रश्नांना मला तोंड उघडायला फुरसत मिळाली नाही. सातव्यानंतर जोशिणीने निकाल दिला, विनम्रता. म्हणजे धनगर. आठ सोंगांतले सर्वांत दुबळे, हातात काठी, आणि मुक्काम कुठे, तर गर्वापायी उद्ध्वस्त झालेल्या, भुतांनी भरलेल्या मॅजिन्शिया गावाजवळ.

"धनगर तर धनगर. मेंढ्या कुठायत?"

"मेंढ्या नाहीत. आता त्या भुतांकडे जाऊन बोलायचं असतं."

"सरका जरा." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. डॉक्टरांनी घातलेले तासाचे बंधन माझ्या डोळ्यांना होते, त्यांच्या नाही. चहा मी टाकला.